बिनकवाडाची वस्ती

"दार कुठंय?"

वृषालीने आपला गेम आदल्या रात्री लोकांना खेळून बघायला दिला होता, आणि सकाळपासून पडद्यावर हा एकच प्रश्न येऊन पडत होता. कुणी इंग्रजीत विचारत होतं, कुणी हिंदीत, कुणी वृषालीला वाचताही न येणाऱ्या लिपीत. नाशिकच्या एका कॉलेजातल्या पोरीने तर मराठीतच लिहिलं होतं, "ताई, गेम एक नंबर झालाय. पण घराला दार कसं बसवायचं? सगळीकडे शोधलं, सापडेना."

कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्या, डाळ खाली लागल्याचा वास आला, तरी वृषाली खुर्चीतून हलली नाही. तिने गेममधलं वस्तूंचं कोठार उघडलं. माती होती, मुरूम होता, काळा दगड, भाजकी वीट, वासे, कौलं, पत्रा, चूल, रांजण, उंबरा. चौकटसुद्धा होती, वर गणेशपट्टी कोरलेली. पण त्या चौकटीत बसवायचं कवाड? ते बिघडलेलं नव्हतं, हरवलेलंही नव्हतं. ते तिने कधी केलंच नव्हतं.

आंघोळ करून टॉवेल खांद्यावर टाकलेला सुनील, तिचा नवरा, स्वयंपाकघरातला गॅस बंद करून दारात येऊन उभा राहिला. नगरजवळच्या केडगावात ते राहत; तिथून जवळच एका दूध डेअरीत तो मशीनवर कामाला होता.

"डाळीचा कोळसा झालाय," तो म्हणाला. "अन् तुजं तोंड असं का? बंद पडला का गेम?"

"बंद नाही पडला. अहो, मी दारच केलं नाही."

"कशाचं दार?"

"घराचं. गेममधल्या घराचं. कुठल्याच घराला दार करता येत नाही. माझ्या डोक्यातच आलं नाही कधी."

सुनील कॉटवर बसला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. "अगं, आमच्या राहात्यात पैली चौकट उभी करत्यात, तिची पूजा करत्यात, मग भिंत उचलत्यात. अन् तू चार वर्सं घरं बांधतीयास अन् दारच इसरलीस! शिंगणापूरची ती शिंगणापूरचीच!"

"तुम्ही पण खेळलाय की महिनाभर. तुम्हाला तरी कुठं दिसलं?"

"मी इहीर खनत हुतो. इहिरीला कुठं दार असतं?"

वृषालीलाही हसू आलं.

शिंगणापूर काय आहे ते जगाला ठाऊक आहे. देव उघड्या चौथऱ्यावर, डोक्यावर छप्पर नाही. आणि त्याच्या राखणीतल्या गावाच्या घरांना कवाडं नाहीत. काळ बदलतोय, कुणी काय करावं हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण वृषालीचे वडील, सहादेवआप्पा, यांच्या घराला आजही नुसती चौकट आणि तिच्यावर एक फिकट पडदा. रात्री कुत्रं शिरू नये म्हणून एक फळी टेकवून ठेवायची, एवढाच काय तो बंदोबस्त. त्या घरात वृषाली वाढली. शेजारची काकू पडदा सारून यायची, वाटीभर मीठ घेऊन जायची, सांगायचीसुद्धा नाही. आणि दुसऱ्या दिवशी त्याच वाटीत शेंगदाणे असायचे. लग्न होऊन ती राहात्याला गेली तेव्हा पहिल्याच रात्री सासूबाईंनी, छबूबाईंनी, पुढच्या दाराला कडी घातली. त्या आवाजाने ती दचकली होती. सकाळी तिने भीत भीत विचारलं होतं, "आत्या, रात्री कुणाला बरं वाटेनासं झालं तर शेजारचे आत कसे येणार?" छबूबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. "हाक मारतील की बाई," त्या म्हणाल्या.

अशा बाईने घरं बांधायचा गेम करायला घेतला.

आधी ती पुण्यात नोकरीला होती. दुसऱ्यांच्या गेममधली दुसऱ्यांनी सांगितलेली फळं उडवायची, नाणी चमकवायची. एक दिवस तिच्या मनाने घेतलं की आपला एक गेम करायचा, ज्यात कुणी कुणाला मारायचं नाही, जिंकायचं नाही, हरायचं नाही. नुसती जमीन द्यायची, आणि ज्याला जे बांधायचं ते बांधू द्यायचं. नोकरी सोडून केडगावच्या या दोन खोल्यांत ती आली, तेव्हा सुनीलला तिने शब्द दिला होता: "याला कुणी मोठ्या कंपनीने हात दिला तर ठीक. नाही तर मी निमूटपणे नोकरीवर परत जाईन, मग तुम्ही मला अडवायचं नाही."

तिने सुरुवात केली ती एका ढेकळापासून. कॉम्प्युटरच्या पडद्यावर एकच ढेकूळ. ते वरून टाकलं की फुटलं पाहिजे, ओलं असलं तर दबलं पाहिजे, वाळलं की तडकलं पाहिजे. पहिला पावसाळा त्या एका ढेकळावर गेला. सुनील डेअरीतून आला की विचारायचा, "काय, आज फुटलं का?" आणि ती म्हणायची, "फुटलं, पण काचेसारखं फुटलं." ज्या दिवशी ते मातीसारखं फुटलं, त्या दिवशी तिने शिरा केला होता. मग ढेकळावर ढेकूळ ठेवून भिंत आली. भिंतीला पाया नसेल तर ती कलायला लागली. पाणी आलं, ते उताराने धावायला लागलं आणि खळग्यात थांबायला शिकलं. मग आवाज आले. शिंगणापूरच्या रस्त्यावर आप्पांची रसवंती आहे; तिथे लाकडी चरक ओढत गोल फिरणाऱ्या बैलाच्या घुंगरांचा आवाज तिने मोबाईलवर भरून आणला. गेममध्ये उजाडतं ते त्या घुंगरांवर.

आणि सगळ्यात शेवटी माणसं आली. तिने त्यांना वस्तीकर म्हटलं. बोटभर उंचीची, करड्या कपड्यांतली, नाक-डोळे नसलेली माणसं. त्यांना तिने भूक दिली, थंडी दिली, शीण दिला आणि एकटं राहिलं की कासावीस व्हायला शिकवलं. बाकी काही सांगितलं नाही. खेळणाऱ्याने घरं बांधायची. वस्तीकर आपापले येऊन राहायचे.

दुपारी अनीशचा फोन आला. गेम बाजारात नेणाऱ्या पुण्यातल्या एका कंपनीचा हा माणूस. तिला ज्या हाताची वाट होती, तो हात त्याचाच.

"वृषाली, आमच्या टीमला प्रचंड आवडलाय," तो म्हणाला. "माती तर काय जबरदस्त केलीयेस! फक्त दार तेवढं राहिलंय बघ. दार आणि कुलूप. येत्या शुक्रवारपर्यंत टाकून दे, वरच्यांना दाखवतो आणि पुढे सरकू. खरं सांगू? मला वाटलं तू मुद्दाम ठेवलंयस, काहीतरी कोडं म्हणून."

"नाही हो. विसरले."

"विसरलीस?" तो हसला. "घराचं दार?"

"हो," ती म्हणाली.

दार करणं काही अवघड नव्हतं. ज्या बाईने माती घडवली तिला चार फळ्या आणि दोन बिजागऱ्या म्हणजे काय! संध्याकाळपर्यंत दार झालं, नुसता आवाज राहिला. घरच्या दाराला तेलपाणी केलेलं, ते मुकाट्याने लागायचं. तेव्हा सुनीलने आईला फोन लावला.

"आई, जरा पुढचं दार उघड-झाक कर. अन् फोन धर त्याच्यापाशी."

"का रं? कोन आलंय?"

"कोन न्हाई. आवाज पायजे, वृषालीला."

"आरं, तिला आमच्या दाराचा वैताग यायचा, अन् आता आवाज पायजे व्हय?" पलीकडून दार करकरत उघडल्याचं ऐकू आलं, मग धाडकन लागल्याचं. "बग, कसं रडतंय. तेल घाल म्हनून तुला सांगून वरीस झालं. अजून वाजवू का?"

"कडी पण लावा आत्या," वृषाली म्हणाली.

कडी लागली. तोच तो आवाज. या खेपेला तिने तो भरून घेतला.

दुसऱ्या दिवशी तिने नेहमीच्या वस्तीतल्या सगळ्या घरांना दारं बसवली आणि हात काढून घेऊन नुसती बघत बसली. गेममध्ये दिवस कलला, गारठा उतरला. वस्तीकर घरोघर आत गेले. दारं लागली. करकर, धाड, कडी. सगळं बिनचूक चाललं होतं. शोधूनही एक चूक सापडली नसती.

मग लांबच्या उतारावर लाकडं तोडायला गेलेला एक वस्तीकर उशिरा परतला. एरवी तो काय करायचा? जे घर जवळ, त्यात शिरायचा, चुलीपाशी बसायचा, आणलेली लाकडं तिथेच टाकायचा. आज तो दारापाशी आला आणि थांबला. मग दुसऱ्या दारापाशी गेला, थांबला. तिसऱ्या दारापाशी तो उंबऱ्यावर बसला. आत चूल पेटलेली होती. आतल्यांना तो दिसत नव्हता. ते काही वाईट नव्हते. त्यांना नुसतं दिसत नव्हतं.

उजाडलं तेव्हा तो उठला नाही.

वृषालीने वस्ती पुढे चालू दिली. काही दिवसांत एका घरात धान्याची रास लागली आणि शेजारच्या घरात चूल पेटेनाशी झाली. म्हातारे वस्तीकर आपापल्या खोपटात आजारी पडू लागले, कारण कुणी जाता येता आत डोकावत नव्हतं. कुणी काही चोरलं नव्हतं की कुणी कुणाला नाही म्हटलं नव्हतं. दारांनी फक्त आपलं काम केलं होतं.

तिने जुनी, बिनदाराची वस्ती उघडली आणि पहिल्यांदाच नीट बघितली. थंडी वाजली की माणूस जवळच्या उबेकडे जातो, एवढंच तिने लिहिलं होतं. पण त्यामुळे चूल कधी विझत नव्हती, कारण येणारा प्रत्येक जण हातातलं लाकूड तिथेच टाकायचा. भूक लागली की अन्नाकडे जातो, एवढंच लिहिलं होतं. त्यामुळे रास कुठे साचतच नव्हती. आजाऱ्याशेजारी कुणी ना कुणी बसलेलं असायचं. कारण एकटेपण सोसत नाही म्हणून सगळे घरोघर हिंडत असायचे. वाटून खा, असं तिने कुठल्याही ओळीत लिहिलं नव्हतं. दुखलंखुपलं विचारा, असं सांगितलं नव्हतं. तिने सगळा कोड वरपासून खालपर्यंत वाचला. दया हा शब्द त्यात कुठे नव्हता. तरी समोर ती चालती-फिरती दिसत होती.

चार वर्षं तिला वाटत होतं, आपण करतोय. आणि आपण नुसतं भिंतीत एक भोक ठेवलं होतं. त्यातून जे आत आलं ते आपलं नव्हतंच. खुर्चीतून उठून ती खिडकीपाशी गेली. खाली रस्त्याने पुण्याकडे टेम्पो चालले होते, कोपऱ्यावर भाजीवाली पाणी मारत होती. सगळं नेहमीचंच होतं, आणि नेहमीचं वाटत नव्हतं.

बुधवारी आप्पा आले. गावातल्या भजनात आणि सप्त्याच्या कीर्तनांत पखवाज त्यांच्याच मांडीवर असतो; त्याची शाई उडाली होती, ती भरून घ्यायला नगरला आले होते. पखवाज जुन्या धोतरात गुंडाळून बाळंतिणीसारखा जपून आणला, कॉटवर निजवला, आणि मग स्वतः टेकले.

"लेकी, तुजा त्यो खेळ दाव म्हनलं बगू. समदे इचारत्यात, पोरगी काय करती. मी म्हंतो कांपुटरवर हाय. पुढं काय सांगू?"

वृषालीने त्यांना खुर्चीत बसवलं आणि बिनदाराची वस्ती चालू केली. घुंगरं वाजली. आप्पांनी मान वळवली. "आपला बैल ह्यो!"

"आपलाच."

मग ते पडद्याकडे बघत बसले. ओढ्यावर ऊन चमकलं. एक बाई डोक्यावर रांजण घेऊन चढ चढली. भिंत लिंपणारे दोघे उठून सावलीला गेले. आप्पांचा चहा निवला, त्यावर साय धरली.

"ही कुठं चालली गं समदी?"

"त्यांचं ते ठरवतात, आप्पा."

"म्हंजी तू सांगत न्हाईस?"

"नाही. मी फक्त पोट दिलं. थंडी दिली."

"अन् पाय?"

"पाय पण दिले."

"मंग झालं की. देवानं तरी आनिक काय दिलंय?" आप्पा हसले, पण हसू ओठांवरच राहिलं आणि डोळे भरून आले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "सप्त्यात बुवा सांगत्यात, त्यो समदं करून नामानिराळा ऱ्हातो. लई वर्सं मी त्या शब्दावर ठेका धरला, पर कदी उमगलं न्हाई. करायचं अन् निराळं ऱ्हायाचं, जमतं कसं? आज डोळ्यानं बगितलं गं बाई. तू हितं, अन् ती तिकडं. अन् तुजा हात कुटंच दिसत न्हाई."

मग वृषालीने दाराची सगळी गोष्ट त्यांना सांगितली. हेही दाखवलं की दार लावल्यावर काय होतं. उंबऱ्यावर बसलेल्या त्या वस्तीकराकडे आप्पा बराच वेळ बघत राहिले. तिला वाटलं, आता ते म्हणणार, आपल्या गावची रीत सोडू नकोस.

"मंग बसव की दार," आप्पा म्हणाले.

"आप्पा! तुम्ही म्हणताय?"

"व्हय, मीच म्हंतोय. आमची गोष्ट निराळी. आमच्यावर त्याची सावली हाय म्हनून आमी उघडे निजतो. तुजा खेळ देशोदेशीचे लोक खेळनार. त्यातला एखादा आला अन् दुसऱ्याचं धुऊन नेलं, तर? लोकांस्नी भ्या वाटतं, त्यात त्यांचं काय चुकलं?" त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "ह्यांच्यावर कोन हाय?"

वृषालीला उत्तर सुचलं. पण ते तोंडातून काढायला तिची जीभ धजेना. आप्पांना ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं असावं. त्यांनी टोपी घातली, पखवाज उचलला. "राखायला बसलेल्याला झोप नसती, बाई," ते दारातून म्हणाले. "काय करायचं ते इचार करून कर."

शुक्रवारी तिने अनीशला दोन्ही वस्त्या दाखवल्या. फोनवर बोलत त्याने त्या शेवटपर्यंत बघितल्या. तो काही वाईट माणूस नव्हता.

"सुंदर आहे," शेवटी तो म्हणाला. "खरंच सांगतो, मी असं काही पाहिलं नव्हतं. पण वृषाली, लोक आल्या आल्या दार शोधतात गं. नाही मिळालं की उठून जातात. मी हे वर नेऊ शकत नाही."

"मग नका नेऊ," ती म्हणाली.

"नक्की? परत विचार कर. दारामुळे सगळं अडतंय, दुसरं काही नाही."

"सगळं दार नसण्यावरच उभं आहे, अनीश. म्हणून."

संध्याकाळी तिने सुनीलला सांगितलं. तो चपाती मोडता मोडता थांबला. "मंग पुणं?"

"शब्द दिलाय ना. जुन्या ऑफिसात बोलले. पुढच्या महिन्यापासून ये म्हणाले."

"शब्द मला दिलाय. मी सोडला तर?"

"तुम्ही सोडाल हो. मी कशी सोडू?"

"बरं," सुनील म्हणाला. "शनिवारी येत जा. मला भात लावता येतो. डाळ जाळायलाबी आलीच पायजे, ती तुज्याकडनं शिकलोय."

आजवर ज्याने त्याने आपापली वेगळी वस्ती खेळायची; जायच्या आधी तिने एक वस्ती सगळ्यांसाठी उघडी केली. कुणीही यावं, जमीन एकच, सगळ्यांनी मिळून बांधावं. कवाड नाही. सुरुवातीला बरीच माणसं आली. ओढ्याच्या काठाने घरं उठली. कुणी गोल बांधलं, कुणी खांबांवर बांधलं, एकाने सबंध पूलच बांधला आणि त्यात राहायला गेला. आणि मग आप्पा म्हणाले तेच झालं. कुणी एक जण आला आणि वस्ती झोपलेली असताना घरोघर शिरून धान्य, लाकडं, हत्यारं, सगळं उचलून घेऊन गेला. सकाळी शिव्यांचा पाऊस पडला. "दार का नाही?" "कसला गेम आहे हा?" बरेच लोक निघून गेले. ओढ्याकाठची घरं ओस पडली.

"काढून टाक की त्याला," सुनील म्हणाला. "तुज्या हातात हाय ना?"

हातात होतं. कोण आला, कुठून आला, काय उचललं, सगळं तिला बघता येत होतं. एक बटण दाबलं की तो माणूस वस्तीतून कायमचा पुसला गेला असता. तिने ते पान उघडलंही. पण बोट पुढे जाईना. देव चोराला काय करतो, याच्या गोष्टी तिने लहानपणी पुष्कळ ऐकल्या होत्या. पण आपल्या गावात माणसं भीतीपोटी चोरी करायची थांबतात, असं तिला कधी वाटलं नव्हतं. भिऊन कुणी वाटीत शेंगदाणे ठेवतं का? आज एकाला पुसलं तर उरलेले उद्यापासून आपल्याला बघून चांगलं वागतील. मग त्या वस्तीत आणि दाराच्या वस्तीत फरक काय राहिला?

तिने त्याला पुसलं नाही. आणि हे बरोबर केलं की चूक, हे कळायला तिच्याकडे काही मार्ग नव्हता. दोन-चार दिवस जेवण गोड लागलं नाही. आप्पांनी सांगितलं होतं ते खरं होतं. झोपही येत नव्हती.

रविवार उजाडला. बॅग भरून दारापाशी ठेवलेली. दुपारी सुनील चहा टाकत होता. निघायच्या आधी एकदा बघावं म्हणून वृषाली कॉम्प्युटरपुढे बसली. आणि तिच्या मनात आलं, आपण आजवर वरूनच बघितलं. आत कधी गेलोच नाही.

मालकिणीचा पासवर्ड न टाकता ती बाकीच्यांसारखी आत शिरली. एक करडी, बोटभर आकृती, हात रिकामे. उतारावर उभी राहिली तर जग केवढं मोठं दिसत होतं! वरून तळहाताएवढा दिसणारा डोंगर समोर आभाळाला टेकला होता. ओढा ओलांडायचा कसा, हे तिलाच कळेना. लाकूड तोडायला गेली तर कुऱ्हाड नाही. कुऱ्हाड करावी तर दगड सापडेना. जे जे तिने केलं होतं, त्यातलं काहीच तिच्याजवळ नव्हतं.

"अगं, आंधारलं की तिथं," सुनील मागून कप घेऊन येत म्हणाला.

गेममध्ये दिवस कलला होता. पडद्याच्या कडेची थंडीची निळी रेघ चढू लागली. ती पुरी भरली की आकृती पडते. हे लिहिणारी तीच होती, आणि तरी ती घाईघाईने पेटती चूल शोधू लागली. ओस घरांमागून घरं गेली. एका घरातून बारीक धूर निघत होता. ती चौकटीतून आत शिरली. आत कुणी नव्हतं. चुलीत दोन निखारे होते. ती त्यांच्यापाशी बसली. निखारे काळे पडत चालले, रेघ चढतच होती.

चौकटीत कुणीतरी येऊन उभं राहिलं.

तीही तशीच एक करडी आकृती. खेळणारा कुणी होता की होती, कुठल्या देशातला, काही कळायला मार्ग नाही. घर त्याचं होतं का, तेही नाही. त्याने काहीतरी लिहिलं. अक्षरं तिला वाचता आली नाहीत. मग तो आत आला, पाठीवरचं लाकूड चुलीत सारलं आणि जाळ होईपर्यंत थांबला. जाताना त्याने आपल्या झोळीतून भाकरी काढली, मोडली, आणि अर्धी तिच्यापुढे ठेवून तो आला तसा काळोखात निघून गेला.

"कोन हुतं गं?" सुनीलने विचारलं.

नाव बघायला एकदा मालकीण व्हावं लागलं असतं. सगळ्यांना लुटून गेला तोच हा, की दुसराच कुणी, एवढंही कळलं असतं.

"माहीत नाही," ती म्हणाली.

पडद्यावर जाळाचा उजेड हलत होता. निळी रेघ हळूहळू खाली येत होती. पुढे अर्धी भाकरी पडली होती. ती उचलायला एक बोट पुरे होतं. वृषालीने उजवा हात पुढे केला, आणि तिच्याही नकळत डावा त्याच्याखाली धरला.